नर्सिंग होममध्ये आईवडिलांची हेळसांड होते तेव्हा: अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांसाठी दाव्याची वाट

अमेरिकेत १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर जी मराठी माणसं आली, त्यांतले बरेच जण आता ऐंशी ओलांडून गेले आहेत. मुलांनी ग्रीन कार्डवर बोलावून घेतलेले आईवडीलही त्याच वयाचे. खुब्याचं हाड मोडतं, पक्षाघाताचा झटका येतो, किंवा स्मृतिभ्रंश इतका वाढतो की घरी सांभाळणं हाताबाहेर जातं. मग हॉस्पिटलची सोशल वर्कर नर्सिंग होमची यादी हातात ठेवते आणि उद्यापर्यंत निवड करा म्हणून सांगते. इथलं नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचं छोटं हॉस्पिटल नव्हे, तर चोवीस तास नर्सिंगची सोय असलेली निवासी संस्था. देशात अशा सुमारे १५,००० संस्था आहेत आणि त्यांत बारा लाखांच्या आसपास माणसं राहतात.

आईला तिथे ठेवल्याची बोचणी मुलांच्या मनात असतेच. तिथे तिची आबाळ होतेय हे दिसतं तेव्हा तीच बोचणी तोंड बंद करते. "आपणच ठेवलंय, आता कुणाला काय सांगणार?" मंडळातल्या लोकांना कळू नये म्हणून कुटुंबं गप्प राहतात, आई गेल्यावर तर विषयच मिटतो. हे गप्प बसणं मला मान्य नाही. दावा लावला म्हणजे सूड उगवला असं नसतं. संस्थेला तिच्या नोंदी, पगारपत्रकं आणि आतले ईमेल शपथेवर उघड करायला लावण्याचा सामान्य कुटुंबाच्या हातातला तो सर्वांत भक्कम मार्ग आहे. ज्यांना भेटायला कुणीच येत नाही, अशा शेजारच्या पलंगावरच्या माणसालाही त्याचा आधार मिळतो. मात्र त्याची तयारी इजा झाल्यावर सुरू करून भागत नाही. ती प्रवेशाच्या दिवसापासून करायची असते.

आधी कोणता कायदा लागू होतो ते पाहा

१९८७ साली काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, नर्सिंग होम सुधारणा कायदा केला. मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) किंवा मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांचा) घेणाऱ्या प्रत्येक नर्सिंग होमला तो लागू आहे, आणि जवळजवळ सगळीच नर्सिंग होम यांपैकी काहीतरी घेतात. प्रत्येक निवाशाला शरीरानं आणि मनानं शक्य तितक्या चांगल्या स्थितीत ठेवणं हे संस्थेचं कर्तव्य, असं हा कायदा सांगतो. बांधून ठेवणं नको, गप्प बसवण्यासाठी औषधं नकोत, टाळता येण्याजोगे बेडसोअर (एकाच जागी पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमा) होऊ द्यायचे नाहीत, कारण आणि आगाऊ नोटीस न देता बाहेर काढायचं नाही, हे सगळं त्यात येतं.

असिस्टेड लिव्हिंग नावाच्या, रोजच्या कामांत मदत देणाऱ्या निवासी संस्थांना हा केंद्रीय कायदा लागू नाही. तिथे फक्त राज्याचे नियम चालतात आणि ते राज्यागणिक बदलतात. बाहेरून दोन्ही इमारती सारख्याच दिसतात, म्हणून संस्थेचं लायसन्स कसलं आहे हे पहिल्याच भेटीत विचारा.

त्यावर राज्यांचे कायदे आहेत. न्यू जर्सीत निवाशांच्या हक्कांचा कायदा १९७६ पासून आहे, इलिनॉयमध्ये नर्सिंग होम केअर अ‍ॅक्ट १९७९ पासून. हक्क मोडल्याचं सिद्ध झालं तर वकिलाची फी संस्थेकडून वसूल करण्याची सोय दोन्हीकडे आहे. ही सोय फार मोलाची आहे. ऐंशी वर्षांच्या माणसाचा पगार बुडालेला नसतो, त्यामुळे आकड्यांत मोजली जाणारी नुकसानभरपाई लहान दिसते आणि वकील पाठ फिरवतात. टेक्साससारख्या राज्यात यातनांच्या भरपाईवर कायद्यानंच मर्यादा घातली आहे, तिथे ही अडचण जास्त भासते.

प्रवेशाच्या दिवशी: सही करण्यापूर्वी

चाळीस-पन्नास पानांचा गठ्ठा समोर येतो, रुग्णवाहिका दाराशी असते आणि आईला वेदना होत असतात. तरीही दोन कागद गठ्ठ्यातून वेगळे काढा.

पहिला लवादाचा, म्हणजे आर्बिट्रेशनचा करार. त्यावर सही केली की पुढे काहीही झालं तरी ज्युरीसमोर जाता येत नाही, खाजगी लवादापुढे जावं लागतं आणि तिथलं कामकाज बंद दाराआड चालतं. २०१९ च्या केंद्रीय नियमानुसार या करारावर सही केली तरच प्रवेश देऊ, असं संस्थेला म्हणता येत नाही. करार तुम्हाला समजेल अशा भाषेत समजावून सांगणंही बंधनकारक आहे. घाईत सही झालीच असेल तर ३० दिवसांच्या आत ती मागे घेता येते. एक ओळीचं पत्र लिहा, पोच घ्या, प्रत घरी ठेवा. आईची मुखत्यारी, म्हणजे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी तुमच्या नावावर असेल तर तुमची सही तिला बांधू शकते. या मुद्द्यावर केंटकीतला एक खटला २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल नर्सिंग होमच्या बाजूनं लागला. म्हणून हा कागद हलक्यानं घेऊ नका.

दुसरा कागद म्हणजे 'जबाबदार व्यक्ती' म्हणून मागितलेली सही. आईचं बिल तुम्ही स्वतःच्या खिशातून भराल अशी हमी प्रवेशाची अट म्हणून मागायला कायद्यानं मनाई आहे. सही करायची तर आपल्या नावापुढे 'केवळ आईची मुखत्यार म्हणून, तिच्याच पैशांतून' असं इंग्रजीत स्वच्छ लिहा.

त्याच दिवशी आईच्या अंगावरची कातडी नर्सबरोबर डोक्यापासून टाचेपर्यंत बघून घ्या आणि प्रवेशाच्या वेळच्या नोंदीत काय लिहिलं ते विचारा. पुढे बेडसोअर निघाला तर "हा हॉस्पिटलमधूनच आला होता" हे पहिलं उत्तर मिळतं. पहिल्या दिवशीची नोंद आणि तुमचे फोटो असतील तर ते उत्तर टिकत नाही.

पहिल्या महिन्यांत काय बघायचं

प्रवेशानंतर ४८ तासांत प्राथमिक केअर प्लॅन, १४ दिवसांत सविस्तर तपासणी आणि त्यानंतर सात दिवसांत पूर्ण केअर प्लॅन व्हायला हवा. त्याच्या बैठकीला जायचा तुम्हाला हक्क आहे. तिथे "आईला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागेल", "पाणी हातात द्यावं लागतं" अशी ठोस वाक्यं प्लॅनमध्ये लिहून घ्या. दाव्यात जी गोष्ट प्लॅनमध्ये असूनही झाली नाही, ती सिद्ध करणं सर्वांत सोपं जातं.

आपल्या लोकांनी विशेष लक्ष द्यायची गोष्ट म्हणजे कातडीचा रंग. बेडसोअरची पहिली पायरी पुस्तकात 'लालसर चट्टा' अशी दिलेली असते. सावळ्या कातडीवर तो लाल दिसतच नाही. आजूबाजूच्या कातडीपेक्षा ती जागा जास्त काळपट किंवा जांभळट दिसते, हाताला गरम किंवा गार लागते, कडक किंवा पिचपिचीत होते. माकडहाड, खुबे, टाचा, कोपरं आणि ऑक्सिजनची नळी जिथे घासते तो कानामागचा भाग, या जागा बोटांनी चाचपून बघा. टाच उचलून खालून बघितल्याशिवाय भेट संपवू नका. पहिल्या पायरीवर उशी आणि कूस बदलणं पुरतं. चौथ्या पायरीला जखम हाडापर्यंत पोचलेली असते आणि रक्तात जंतुदोष पसरून माणूस जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट वजन. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन घटलं तर ते गंभीर समजलं जातं. शाकाहारी आईच्या ट्रेवर चिकन सूप येतं, ती हात लावत नाही आणि चार्टवर नोंद होते, 'जेवण नाकारलं'. तीन आठवडे अशा नोंदी झाल्या की कागदावर दोष आईचा होतो. धर्म, संस्कृती आणि आवड लक्षात घेऊन जेवण देणं हे नियमांत आहे. डाएटिशियनला लेखी कळवा आणि दर आठवड्याचं वजन मागा. घरचा वरणभात नेऊ देण्याबद्दल संस्थेचं धोरण काय आहे तेही विचारा. असं धोरण ठेवणं त्यांना बंधनकारक आहे.

पाण्याचा पेला कुठे ठेवलाय ते बघा. बऱ्याचदा तो भरलेला असतो, पण चाकाचं टेबल पलंगापासून दोन हात लांब सरकवलेलं असतं आणि बोलावण्याची बेल गादीमागे पडलेली असते. जाल तेव्हा, काही हलवायच्या आधी फोटो काढा. फक्त शेजारच्या निवाशाचा चेहरा त्यात येऊ देऊ नका.

आणि भाषा. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली इंग्रजी आधी जाते, मराठी उरते. आई "दुखतंय" म्हणते आणि एड, म्हणजे नर्सच्या हाताखालची मदतनीस, तिला हसून "गुड मॉर्निंग" म्हणते. आपल्या प्रकृतीची माहिती समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क निवाशाला आहे, आणि सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेला दुभाषा फुकट द्यावा लागतो. फोनवरचा मराठी दुभाषा मागा. "दुखतंय, पाणी, संडास, थंडी, भीती वाटते" हे शब्द रोमन लिपीत अर्थासकट लिहून पलंगाच्या डोक्याशी चिकटवा. मराठी बोलणाऱ्या आजीचं ओरडणं 'आक्रमक वर्तन' म्हणून चार्टवर चढलं की पुढची पायरी बहुतेक वेळा गुंगीच्या औषधाची असते.

हे इंडियानातल्या गोर्गी तालेव्‌स्की यांच्या बाबतीत झालं, असा त्यांच्या कुटुंबाचा आरोप होता. स्मृतिभ्रंश झाल्यामुळे २०१६ साली त्यांना काउंटीच्या मालकीच्या नर्सिंग होममध्ये ठेवलं, तेव्हा ते चालत-बोलत होते, स्वतः जेवत होते. काही महिन्यांत हातानं जेवणं थांबलं, इंग्रजी गेली, मातृभाषा तेवढी राहिली. आजार वाढतोय, असं संस्था सांगत होती. मुलींनी औषधांची यादी मागवली तेव्हा मनावर परिणाम करणारी सहा औषधं एकदम चालू असल्याचं निघालं. बाहेरच्या डॉक्टरच्या मदतीनं ती कमी करवल्यावर ते पुन्हा हातानं जेवू लागले, असं कुटुंबानं न्यायालयात मांडलं. निकाल ऐकायला ते जिवंत राहिले नाहीत. खटला पत्नीनं पुढे नेला. ८ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं, की १९८७ च्या कायद्यातले हे हक्क मोडले तर सरकारी मालकीच्या नर्सिंग होमवर निवाशाला केंद्रीय न्यायालयात दावा लावता येतो. म्हणून औषधांची यादी दर महिन्याला मागा. नवीन नाव दिसलं की ते कशासाठी, कुणी सुरू केलं आणि कुणाची संमती घेतली, हे तीन प्रश्न लेखी विचारा.

काही घडलं तर पहिले दोन दिवस

जीव धोक्यात वाटला तर कुणाची परवानगी न घेता ९११ लावा आणि आईला हॉस्पिटलमध्ये न्या. इमर्जन्सीच्या डॉक्टरला जखम कधीची आणि कुठल्या पायरीची आहे ते नोंदवायला सांगा. त्या डॉक्टरचा नर्सिंग होमशी काही संबंध नसतो, त्यामुळे ती नोंद पुढे फार वजनदार ठरते.

घटना घडली की कुटुंबाला लगेच कळवणं संस्थेवर बंधनकारक आहे. मारहाणीचा किंवा छळाचा संशय असला, किंवा गंभीर इजा झाली असली, तर दोन तासांच्या आत राज्याला कळवावं लागतं; इतर आरोपांत २४ तासांच्या आत. कळवलं का, कुणाला कळवलं, नंबर काय, हे डायरेक्टर ऑफ नर्सिंगला ईमेलनं विचारा. फोनवर बोललात तर त्याच दिवशी "आज आपलं असं बोलणं झालं" असा ईमेल टाका. घरी एक साधी वही ठेवा: तारीख, वेळ, ड्यूटीवर कोण होतं, काय दिसलं, कोण काय म्हणालं. "फार वाईट वागतात" असं वहीत लिहू नका. "सकाळी १०.२० ला डायपर ओला, चादर पिवळी आणि कडांना सुकलेली" असं लिहा. सुकलेली कड सांगते की ती चादर बराच वेळ तशीच होती.

खोलीत कॅमेरा लावायची परवानगी टेक्सास, इलिनॉय, मिनेसोटासारख्या काही राज्यांत कायद्यानं आहे. पण फॉर्म भरावा लागतो आणि शेजारच्या निवाशाची संमती घ्यावी लागते. राज्याचा नियम बघितल्याशिवाय लपवून लावू नका.

चार्ट मागवा

निवाशाला किंवा त्याच्या कायदेशीर प्रतिनिधीला मागणी केल्यावर २४ तासांत चार्ट बघायला मिळाला पाहिजे आणि दोन कामकाजाच्या दिवसांत विकत प्रत मिळाली पाहिजे. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून. मागणी लेखी करा आणि काय हवं ते नावानिशी लिहा: नर्सच्या नोंदी, एडच्या रोजच्या नोंदी, औषधांचं पत्रक, जखमेची मापं, वजनाचा तक्ता, केअर प्लॅनच्या सगळ्या आवृत्त्या. आई गेली असेल तर इस्टेटचा प्रतिनिधी नेमून घ्यावा लागतो. न्यू जर्सीत हे काम काउंटीच्या सरोगेटच्या, म्हणजे मृत्युपत्रं आणि वारसांची प्रकरणं बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ऑफिसात होतं. ते लवकर उरका, कारण त्याशिवाय चार्ट मिळत नाही आणि दावाही उभा राहत नाही.

तक्रार दोन ठिकाणी

पहिली तक्रार राज्याच्या आरोग्य खात्याकडे करा. तिथले तपासनीस आगाऊ न कळवता येतात. दोष सापडला तर तो सीएमएस-२५६७ नावाच्या फॉर्मवर लिहिला जातो आणि दोषाची तीव्रता ए ते एल अशा अक्षरांत ठरते. जे, के, एल म्हणजे निवाशांना तातडीचा धोका. हे अहवाल जाहीर असतात. संस्थेनं ते दर्शनी भागात ठेवायचे असतात, आणि मेडिकेअरच्या 'केअर कंपेअर' या साइटवरही दिसतात.

दुसरी तक्रार लाँग टर्म केअर ऑम्बड्समनकडे, म्हणजे निवाशांची बाजू घेऊन तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे. हे पद प्रत्येक राज्यात आहे, सेवा फुकट आहे आणि निवाशाच्या संमतीशिवाय नाव फोडलं जात नाही. तक्रार केल्यावर आईला त्रास देतील ही भीती प्रत्येक घरात असते. सूडबुद्धीनं वागायला कायद्यानं बंदी आहे, पण कागदावरच्या बंदीनं रात्रीच्या पाळीतली भीती जात नाही. म्हणून तक्रार केल्यावर भेटींच्या वेळा बदलत राहा. घरच्यांना संध्याकाळी उशिरासुद्धा भेटायचा हक्क आहे. शक्य असेल तर इतर निवाशांच्या नातेवाइकांना सोबत घेऊन फॅमिली कौन्सिल सुरू करा. अशा कौन्सिलच्या तक्रारींची दखल घेणं संस्थेला भाग आहे.

वकील कधी, कसा

मुदत हा पहिला प्रश्न. न्यू जर्सी आणि टेक्सासमध्ये साधारण दोन वर्षं, केंटकी आणि टेनेसीत एकच वर्ष. संस्था काउंटीची असेल तर न्यू जर्सीत ९० दिवसांत नोटीस द्यावी लागते. मृत्यूनंतरचं सुतक, भारतातली फेरी, अस्थिविसर्जन यांत हे दिवस कसे निघून जातात ते कळत नाही. म्हणून पहिला फोन महिन्याच्या आत करा.

नर्सिंग होमचेच दावे चालवणारा वकील शोधा. अपघाताचे दावे करणारा आपल्या ओळखीतला वकील कितीही भला असला तरी हे काम वेगळं आहे. किती खटले ज्युरीपर्यंत नेले, कोणत्या नर्सला आणि डॉक्टरला तज्ज्ञ म्हणून बोलावतो, संस्थेची मालकी कशी तपासतो, हे विचारा. फी बहुतेक वेळा जिंकल्यावरच, मिळालेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्शापासून ४० टक्क्यांपर्यंत असते. खर्च त्याआधी वजा होतो की नंतर, ते करारात बघून घ्या.

मालकीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. इमारत एका कंपनीची, लायसन्स दुसरीचं, व्यवस्थापन तिसरीचं आणि तिन्हींमागे तेच मालक, अशी रचना या धंद्यात सर्रास असते. भाडं आणि व्यवस्थापन शुल्क म्हणून पैसा वर निघून जातो आणि लायसन्स असलेली कंपनी कागदोपत्री कफल्लक दिसते. चांगला वकील पहिल्या दिवसापासून तिन्हींना प्रतिवादी करतो.

प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. प्रत्येक पडणं, प्रत्येक जखम म्हणजे हेळसांड नव्हे. मरणपंथाला लागलेल्या माणसाला उत्तम काळजी घेऊनही बेडसोअर होऊ शकतो, हे कायदाही मानतो. धोका ओळखला होता का, त्यासाठी काय करायचं ठरलं होतं, आणि ते खरंच केलं का, या तीन प्रश्नांवर दावा उभा राहतो.

दावा आतून कसा चालतो

वकील आधी संस्थेला पुरावा जपून ठेवण्याची नोटीस पाठवतो, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण, बेलच्या नोंदी आणि संगणकातल्या बदलांचा इतिहास पुसता येत नाही. बऱ्याच राज्यांत, खटल्यात दम आहे असं तज्ज्ञाचं शपथपत्र सुरुवातीलाच जोडावं लागतं. मग कागदपत्रांची मागणी आणि शपथेवरचे जबाब. यात दीड-दोन वर्षं सहज जातात. तुमचाही जबाब होईल आणि "किती वेळा भेटायला जात होतात?" हा प्रश्न येईलच. तेव्हा ती वही कामी येते.

खरी कसोटी मनुष्यबळाच्या आकड्यांची असते. समजा रात्रपाळीला मजल्यावर एकच एड आहे आणि वीस जणांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची आहे. प्रत्येकी पाच मिनिटं धरली तरी १२० मिनिटांतली १०० त्यातच गेली. उरलेल्या वीस मिनिटांत डायपर, पाणी, बेल, कुणी पडलं तर तेही. तरीही चार्टवर सगळ्यांच्या नावापुढे दर दोन तासांची बरोबरची खूण असते. ती खूण आणि पगारपत्रक शेजारी ठेवलं की खोटेपणा ज्युरीला आपोआप दिसतो. हे पगाराधारित आकडे संस्थांना २०१६ पासून केंद्र सरकारला द्यावे लागतात आणि ते जाहीर आहेत. दोष बहुतेक वेळा त्या एका थकलेल्या एडचा नसतो. माणसं कमी ठेवायचा निर्णय वर झालेला असतो आणि दावा तिथपर्यंत पोचायला हवा.

एका घराच्या दाव्यानं बाकीच्यांचं काय भलं होतं

कॅलिफोर्नियात अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या रोझ वॉलिन घोटा मोडला म्हणून नर्सिंग होममध्ये गेल्या आणि चार महिन्यांच्या आत वारल्या. तेव्हा त्यांच्या अंगावर तिसऱ्या-चौथ्या पायरीचे बेडसोअर होते. मुलगी के डिलेनी तक्रारी करत राहिली होती. हा वैद्यकीय हलगर्जीपणाचा प्रश्न आहे, त्यामुळे भरपाईवर मर्यादा हवी, असं संस्थेचं म्हणणं होतं. १९९९ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं. जाणूनबुजून केलेली बेपर्वाई वेगळी, तिला ज्येष्ठांच्या छळाचा कायदा पूर्ण लागू होतो आणि वकिलाची फीसुद्धा मिळते, असा निकाल दिला. त्या निकालामुळे त्या राज्यातल्या पुढच्या कुटुंबांना वकील मिळणं सोपं झालं.

२०१० साली त्याच राज्यात, युरेका गावी, स्किल्ड हेल्थकेअर ग्रुप या कंपनीविरुद्धच्या सामूहिक दाव्यात ज्युरीनं ६७ कोटी डॉलरांहून जास्त रक्कम ठरवली. राज्याच्या नियमानुसार प्रत्येक निवाशामागे रोज ३.२ तासांची नर्सिंग सेवा हवी होती, ती २२ नर्सिंग होममध्ये दिली जात नव्हती. पुढे समझोता सुमारे ६.२८ कोटींवर झाला, पण त्यात माणसांची संख्या पाळण्याचा न्यायालयाचा आदेश आणि त्यावर लक्ष ठेवणारा त्रयस्थ निरीक्षकही होता. तिथे राहणाऱ्या माणसांच्या दृष्टीनं हा भाग रकमेइतकाच महत्त्वाचा.

सरकारनंच का नाही बघायचं, हा प्रश्न रास्त आहे. २०२४ मध्ये केंद्रानं रोज प्रत्येकी किमान ३.४८ तासांचा नियम केला. २०२५ मध्ये टेक्सासमधल्या केंद्रीय न्यायाधीशानं तो रद्द केला आणि काँग्रेसनं त्याची अंमलबजावणी २०३४ पर्यंत अडवून धरली. 'पुरेसे' कर्मचारी ठेवा, एवढाच मोघम शब्द हातात उरला. पुरेसे म्हणजे किती, हे अशा परिस्थितीत ज्युरीपुढे एकेका खटल्यात ठरतं.

समझोता करताना

बहुतेक दावे समझोत्यानं मिटतात. रक्कम हातात पडण्याआधी मेडिकेअर आणि मेडिकेड त्या इजेवर झालेला खर्च परत मागतात, हे वकिलाकडून आधीच लेखी समजून घ्या. आई हयात असेल आणि मेडिकेडवर असेल तर मिळालेल्या रकमेमुळे तिची पात्रता जाऊ शकते. सही करण्यापूर्वी ज्येष्ठांचे व्यवहार बघणाऱ्या वेगळ्या वकिलाला दाखवा.

संस्था गुप्ततेची अट घालेलच. माझं मत स्पष्ट आहे: रक्कम गुप्त ठेवायला हरकत नाही, पण काय घडलं ते सांगण्याचा हक्क विकू नका. त्याबरोबर रात्रपाळीला माणसं वाढवणं किंवा कातडीची साप्ताहिक तपासणी अशी एखादी अट समझोत्यात घालता येते का, ते वकिलाला विचारा. कुटुंबानं मागितल्याशिवाय हा मुद्दा टेबलावर येत नाही.

वकिलानं नाही म्हटलं तर

असं बऱ्याचदा होतं. इजा लहान, राज्यात भरपाईवर मर्यादा, तज्ज्ञांचा खर्च मोठा. एकानं नाही म्हटलं तर दुसऱ्याला दाखवा आणि नकार लेखी घ्या, त्यात मुदत किती उरली तेही लिहून घ्या. आणि दावा होवो न होवो, आरोग्य खात्याकडची तक्रार सोडू नका. दोष नोंदवला गेला तर तो २५६७ फॉर्म सार्वजनिक दफ्तरात राहतो. उद्या त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या निवाशाला इजा झाली आणि "हे आम्हाला माहीतच नव्हतं" असं संस्था म्हणाली, तर त्या निवाशाच्या कुटुंबाचा वकील ज्युरीपुढे पहिल्यांदा तोच फॉर्म ठेवेल.